पीटीएसडी कोच : रणांगणावरून परतलेल्या स्त्रीच्या हाती काय लागते?

पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर जडणारा मानसिक विकार, सोसणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत ॲप २०११ पासून उपलब्ध आहे आणि ते वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. आपण उपचार घेत आहोत हे कोणाला कळू नये, असे वाटणाऱ्या माजी महिला सैनिकासाठी ही सोय फार मोलाची आहे. झोप न लागणे, राग अनावर होणे, माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे, यांपैकी जो त्रास होत असेल तो निवडला की ॲप आधी त्याची तीव्रता शून्य ते दहा या पट्टीवर विचारते, मग दीर्घ श्वसन किंवा स्नायू सैल करण्यासारखा एखादा उपाय सुचवते आणि शेवटी तीव्रता पुन्हा नोंदवायला लावते. आकडा प्रत्यक्ष खाली आलेला पाहणे हाच पुष्कळदा मोठा दिलासा असतो.

मजकूर मात्र सर्वांसाठी सारखाच आहे. थेट लढाईच्या पदांवर स्त्रियांना असलेली बंदी उठण्याआधीही इराक-अफगाणिस्तानात त्यांनी गोळीबार झेलला होता, तरी ‘तुम्ही कुठे लढलात?’ हा प्रश्न त्यांना परतल्यावर ऐकावा लागतो. त्या अवहेलनेसाठी येथे वेगळे काही आढळत नाही. सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्यांनी याच विभागाचे ‘बियाँड एमएसटी’ (एमएसटी म्हणजे सैन्यसेवेतील लैंगिक आघात) हे ॲप पाहावे. तक्रार नोंदवलेली नसली तरी त्यासंबंधीचे उपचार विभाग विनामूल्य देतो, हेही ध्यानात ठेवावे. ॲप समुपदेशकाची जागा घेऊ शकत नाही. त्यासाठी ‘व्हेट सेंटर’ हे विभागाचे समुपदेशन केंद्र गाठावे, आणि संकटाच्या क्षणी ९८८ या अमेरिकेतील मदतवाहिनीला फोन लावून १ दाबावे.