कोड खरा, निदान खोटे

मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजने माझ्याकडून चार इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) आणि चार इंजेक्टर (सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे भाग) यांचे पैसे घेतले. प्रत्यक्षात त्यांपैकी एकही भाग बदललेला नव्हता. नाशिकमध्ये इतर कोणी असे फसू नये म्हणून तपशील लिहीत आहे.

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली होती आणि कसारा घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून मला पी०३०३ हा बिघाडाचा कोड दाखवला. "साहेब, तिसरा सिलिंडर गेला. इंजिनाचं हेड खोलावं लागेल, नाहीतर कॉइल आणि इंजेक्टरचा पूर्ण सेट टाकू," असे तो म्हणाला. कोड खरा होता, परंतु तो फक्त तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, एवढेच सांगतो. त्याचे कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर, इनटेकमधून ओढली जाणारी जादा हवा किंवा घटलेले कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी काहीही असू शकते, आणि हेड खोलण्याची भाषा करणाऱ्याने निदान कॉम्प्रेशन गेज तरी लावायला हवे होते. दिवा लुकलुकत असताना गाडी चालवल्यास न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होऊ शकतो, हे मात्र त्याने अगदी बरोबर सांगितले आणि त्याच धास्तीच्या जोरावर काम पुढे रेटले.

बिल २७,५०० रुपयांचे झाले, तेही कच्चे, जीएसटी क्रमांकाशिवाय. जुने भाग मागितले तेव्हा ते भंगारवाल्याने नेल्याचे उत्तर मिळाले. गाडी ताब्यात घेताना इंजिन शांत चालत होते, कारण कोड पुसलेला होता आणि बिघडलेली कॉइल गार असताना ठीक काम करते. त्र्यंबक रोडला इंजिन तापले आणि गाडी पुन्हा मिसिंग करू लागली.

सातपूरच्या दुसऱ्या मेकॅनिकने वरचे कव्हर काढून मलाच वाकून पाहायला सांगितले. बिलात 'नवीन' म्हणून लावलेल्या कॉइलवर आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये मार्करने लिहिलेले १ ते ४ हे आकडे तसेच होते, आणि इंजेक्टरच्या रेलचे बोल्ट जुन्या, घट्ट बसलेल्या धुळीने माखलेले असून त्यांवर पान्याचा एक ओरखडाही नव्हता. त्याने तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि पहिली तिसऱ्यावर लावली, कोड पुसला व इंजिन तापू दिले. कोड पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा आला, म्हणजेच दोष कॉइलबरोबर सरकला. तो प्लगचा किंवा सिलिंडरचा असता, तर कोड पी०३०३ हाच राहिला असता. या परीक्षेला एक पैशाचाही नवीन भाग लागत नाही. पहिल्या गॅरेजला ती ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. एक कॉइल बदलली, मजुरी धरून ३,००० रुपयांच्या आत काम झाले.

धुळीचे बोल्ट आणि मार्करचे आकडे यांचे फोटो मी कॉइल हलवण्यापूर्वीच काढून घेतले होते. पैसे रोख न देता यूपीआयने दिल्यामुळे त्याचीही नोंद आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर गॅरेजवाल्याने निम्मी रक्कम देऊ केली, ती मी नाकारली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. माझा अर्ज तयार असून सातपूरच्या मेकॅनिकने लेखी अहवाल देण्याचे मान्य केले आहे.