हळदीच्या पाकिटावर थिन फॉन्ट: पॉपिन्स, मुक्ता की नोटो?

सांगलीत हळदीचं किंवा बेदाण्याचं पाकीट नव्यानं करायला घेतलं की हल्ली ठरलेली फर्माईश येते: "मॉडर्न दिसू दे, अक्षर एकदम थिन घ्या." स्क्रीनवर ते देखणं दिसतंच. छापून आल्यावर मात्र 'सांगली'वरचा अनुस्वार उडतो आणि पाकिटावर 'सागली' उरते. थिन वेटमध्ये (वेट म्हणजे अक्षराच्या जाडीची पायरी) काना-मात्रेबरोबर टिंबही बारीक होतं, आणि छपाईत पहिला बळी त्याचाच जातो. 'सातारा' त्या मानानं सुखी. वर-खाली काही नाही, नुसते काने.

तिन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे, मोफत, धंद्याच्या कामाला चालणारे. मुख्य अट एवढीच की नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही.

पॉपिन्स इंडियन टाइप फाउंड्रीचा. वेट 100 ते 900, असे नऊ. बांधणी भूमितीची: गोल तो गोलच, रेषेची जाडी जवळजवळ एकसारखी. रोमन आणि देवनागरी एका जोडीनं घडवलेली असल्यामुळे ब्रँडचं नाव दोन्ही लिप्यांत शेजारी ठेवायचं असेल तर याच्याइतकं जुळणारं दुसरं नाही. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा. वेट 200 ते 800, म्हणजे 100 यात नाहीच. वेबसाइटवर 100 मागितलं तरी 200 येतं. वळणं मोकळी आणि हाताच्या लिखाणाला जवळची, त्यामुळे लहान आकारात वाचायला हाच बरा. नोटो सान्स 100 पासून 900 पर्यंत आहे आणि अरुंद रूपांतही मिळतो. चेहरा म्हणून थोडा सरकारी वाटतो, पण निमुळत्या लेबलवर चार ओळी बसवायच्या असतील तर तोच कामाला येतो.

वेटच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. एका फॉन्टचा 200 दुसऱ्याच्या 200 इतका जाड असेलच असं नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द 72 पॉइंटला टाइप करा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा), कान्यावर छोटा चौकोन बसवून त्याची रुंदी बघा. ती 0.5 मि.मी. भरली तर 12 पॉइंटला तोच काना 0.08 मि.मी. होणार. ऑफसेटवर आर्ट पेपरला काळ्या एका शाईत ही रेषा जेमतेम निघते. पाऊचच्या फ्लेक्सो छपाईत (लवचीक प्लेटवरची छपाई) 0.2 मि.मी.च्या खाली जाऊ नये, कापडी पिशवीच्या स्क्रीन प्रिंटिंगला 0.5 तरी हवी. गडद रंगावर पांढरं अक्षर सोडायचं असेल तर शाई आत पसरते, म्हणून वेट एक पायरी वर घ्या. बारीक अक्षर चार रंगांच्या मिश्रणात देऊच नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचा एकमेकांवरचा मेळ, केसभर हललं तरी कडेला रंगाची झालर दिसते.

थिनची एक जमेची बाजू आहे. 'शुद्ध'मधला 'द्ध' किंवा 'ष्ट', 'ह्म' ही जोडाक्षरं ठळक वेटमध्ये आतून बुजतात. मोठ्या आकारात थिन असेल तर त्यांच्या पोटात हवा राहते.

डिझायनर इंग्रजीची सवय इथं आणतात आणि अक्षरांमधलं अंतर वाढवतात. रोमन थिन त्यानं खुलतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात. अंतर शून्यच ठेवा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते, आणि फॉन्टमध्ये ती रूपं असावी लागतात. 'शेतमाल' आणि, अर्ध्या 'र'साठी, 'कुर्‍हाड' टाइप करून आधीच बघा.

दुकानाच्या पाटीला थिन नको. सहज वाचायला दर 10 फुटांना 1 इंच उंची लागते, हा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब साधारण जाडीच्या अक्षराचा आहे. थिन त्यात बसत नाही. शिवाय महाराष्ट्रात पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मात्रा-उकारांना जागा द्यावी लागते, त्यामुळे एकाच पॉइंटला देवनागरी लहान दिसते, हे मोजताना लक्षात घ्या. मुक्ता मीडियम घ्या आणि मोकळे व्हा. अपवाद एलईडी निऑनचा. पाचगणीच्या वाटेवरच्या कॅफेसाठी पॉपिन्स थिन उत्तम, कारण निऑनची पट्टी मुळातच एका जाडीची असते. फक्त 'क', 'ळ'च्या गाठी पट्टी वळण्याइतक्या मोठ्या ठेवा.

पाकिटासाठी आमची निवड अशी: नाव पॉपिन्स लाइट, म्हणजे 300, मोठ्या आकारात, वजन, किंमत, घटक, पत्ता मुक्ता रेग्युलरमध्ये. पॉपिन्सचा 100 फक्त हाताएवढ्या अक्षराला.

फाइल देताना व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये सगळी वेट असलेला) टाळा, ठरावीक वेटची वेगळी फाइल वापरा. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. नुसतं कर्व्ह करून व्हिनाइल कटिंगला पाठवलं तर प्लॉटर प्रत्येक सांध्यावर आडवा काप मारतो आणि सोलताना पट्टी तिथंच तुटते. आधी वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करा, मग पाठवा. आणि टाइप केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण पुढच्या हंगामात किंमत बदलणारच.