टिळकवाडीतला रविवारचा इतिहासाचा क्लास, नक्की जावा

मी खानापूरहून दर रविवारी पहिल्या बसनं येतोय, आणि जगाचा इतिहास मराठीतून एवढा फोड करून सांगणारं बेळगावात मला तरी दुसरं कोण भेटलं नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध म्हणजे 1861 आणि लिंकन, एवढंच पाठ होतं माझं. सरांनी फळ्यावर नकाशा काढला, 36 अंश 30 मिनिटं उत्तर अक्षांशावर लाल खडूनं आडवी रेघ मारली, 1820 ची मिसुरी तडजोड, म्हणजे फ्रान्सकडनं विकत घेतलेल्या लुईझियानाच्या प्रदेशात मिसुरी सोडून ह्या रेघेच्या वर गुलामगिरी नाही, आणि मग 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यापाशी आल्यावर तीच रेघ डस्टरनं पुसून टाकली. वर्ग एकदम गप्प. गुलामगिरी हवी का नको हे तिथल्या लोकांनीच मतानं ठरवायचं, असं त्या कायद्यानं म्हटल्यावर दोन्ही बाजूंची माणसं कॅन्ससमध्ये घुसली, रक्त सांडलं. 1857 ला सुप्रीम कोर्टानं स्वातंत्र्य मागायला कोर्टात गेलेल्या ड्रेड स्कॉट ह्या गुलामाला सांगितलं की तू नागरिकच नाहीस, तेव्हा अंगावर काटा आला बघा.

नकाशावरच्या रेघेचं भांडण आम्हा सीमाभागातल्या पोरांना वेगळं सांगायला लागत नाही, पण तिथं माणूसच मालमत्ता होता, हा फरक सरांनी ठासून सांगितला. जोतिबांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केली, हेसुद्धा तिथंच कळलं.

तक्रार एकच, लिंकन निवडून आले ती 1860 ची निवडणूक आणि साउथ कॅरोलिना राज्याचं अमेरिकेतनं फुटून निघणं शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. त्याला अजून एक रविवार द्यायला पाहिजे होता.