बर्लिन, पॅरिस, रोम की अथेन्स? व्हीगन असाल तर युरोपात कुठे जायचं

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) एकच, सुट्टी आठ-दहा दिवसांची, आणि घरातलं कोणीतरी व्हीगन, म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीच पण दूध, दही, तूप, चीज, मध यातलंही काही नाही. अशा वेळी लोक काय करतात, तर कुठल्या शहरात किती व्हीगन रेस्टॉरंटं आहेत ते ॲपवर बघतात आणि सगळ्यात मोठा आकडा दिसेल ते शहर पकडतात. मला ही पद्धत पटत नाही. फिरताना दुपारी दोन वाजता भूक लागते तेव्हा तुम्ही म्युझियमच्या बाहेर उभे असता, पाय दुखत असतात, सोबत आई-बाबा किंवा लहान मूल असतं आणि ते छान रेटिंगवालं व्हीगन रेस्टॉरंट मेट्रोने पंचवीस मिनिटांवर असतं. तेव्हा उपयोगी पडतं ते समोरचं साधं दुकान. म्हणून त्या गावचा माणूस रोज जे खातो त्यात दूध, लोणी, अंडं किती शिरलेलं आहे, हे बघून शहर निवडा असं माझं म्हणणं आहे.

लंडन यात मुद्दाम घेतलं नाही कारण त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. नाहीतर सोपेपणात ते पहिलंच आलं असतं. व्हीगन सोसायटी तिथेच १९४४ मध्ये सुरू झाली, भाषा इंग्रजी, ग्रेग्जसारख्या साध्या बेकरीच्या साखळीतही २०१९ पासून व्हीगन सॉसेज रोल मिळतो, आणि युस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीची जुनी दुकानं आहेत. यूकेचा व्हिसा काढणारच असाल तर पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

आता चार शहरं, आणि सुरुवात सकाळपासून.

नाश्त्याला बर्लिन सरळ पुढे आहे, कुठल्याही कॅफेत ओटचं दूध असतं, राईचा आंबट पाव, वर भाज्यांचे स्प्रेड, काही विचारावं लागत नाही. पॅरिसबद्दल सगळे घाबरवतात, आणि क्रोसाँच्या बाबतीत ते बरोबरच आहे, कारण बिनलोण्याचा म्हणून मिळाला तरी त्यावर अंड्याचा हात फिरवलेला असतो. पण बॅगेट मात्र बिनधास्त घ्या. १९९३ च्या फ्रेंच सरकारी आदेशाप्रमाणे ‘त्रादिसियाँ’ म्हणून विकला जाणारा पाव पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढ्यावरच उभा असतो, फार तर थोडं कडधान्याचं पीठ किंवा माल्ट, दूध-लोणी काही नाही. गरम बॅगेट, जॅम, काळी कॉफी, आणि बाकावर बसून खायचं, याच्यापेक्षा चांगला नाश्ता मला तरी युरोपात कुठे सापडला नाही. क्रोसाँचीच हौस असेल तर लँड अँड मंकीज नावाच्या पूर्ण व्हीगन बेकऱ्या आहेत, तिथे जा.

रोममध्ये नाश्ता म्हणजे बारच्या काउंटरला उभं राहून कॉफी आणि कोर्नेत्तो, म्हणजे इटलीचा क्रोसाँ. आता बऱ्याच बारमध्ये ‘कोर्नेत्तो व्हेगानो’ असतो पण दहापर्यंत संपतो, आणि त्याच्या शेजारी असतो तो ब्राऊन दिसणारा मधाचा, तो चुकून उचलू नका. अथेन्समध्ये रस्त्यावर तीळ लावलेलं गोल कुलुरी मिळतं, स्वस्त आणि पोटभरीचं, पण बेकरीतल्या सारण भरलेल्या पेस्ट्री बहुतेक फेता चीजच्याच. एक सांगते, चारही शहरांत हॉटेलच्या ब्रेकफास्टचे पैसे भरू नका. पाव, फळं आणि जॅम यासाठी माणशी एवढे युरो मोजण्यात काही अर्थ नाही, बाहेर तेच चांगलं मिळतं.

दुपारी रस्त्यावर खायचं झालं तर बर्लिनमध्ये खूपच आराम आहे. नॉयक्योल्न भागात झोननआले नावाचा लांबच लांब रस्ता आहे, अरब लोकांची दुकानं, फलाफल, हुमुस, तिळाची चटणी, सगळं ताजं. व्हीगन डोनरसुद्धा मिळतो. रोममध्ये पिझ्झा अल तालिओ, म्हणजे कात्रीने कापून वजनावर विकतात तो, त्यातला ‘रोस्सा’ मागायचा, नुसता टोमॅटो, चीज नाही. पिझ्झा बियांकाही चालतो पण काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात, त्याला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, तेवढं एकदा विचारून घ्या. पॅरिसमध्ये मारे भागात र्यू दे रोझिएवर फलाफलची दुकानं, मात्र ज्यू लोकांची कोशर दुकानं शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी बंद असतात, त्या दिवशी पोचलात तर पंचाईत. दुसरा पर्याय गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल, तिथे श्रीलंकन तमिळ वस्ती आहे, डोसा-इडली-सांबार मिळतं, तूप नको एवढं सांगायचं. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथल्या माणिक्क विनायकर मंदिराची गणपतीची रथयात्रा निघते, रस्त्यावर नारळ फोडतात, पॅरिसमध्ये त्या सुमारास असाल तर आपल्या माणसाने ते नक्की बघावं.

अथेन्सला दुपारचा प्रकार वेगळा आहे आणि मला तिथलं सगळ्यात आवडतं ते हेच. सुवलाकीची दुकानं सोडून द्या, ती मांसाचीच. ‘मागिरिओ’ शोधा, म्हणजे घरगुती जेवणाची खानावळ, काचेमागे ट्रे मांडलेले असतात आणि बोट दाखवून मागायचं. फरसबी टोमॅटोत शिजवलेली, भेंडी तशीच, घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या बिया ओव्हनमधल्या, बटाटा-वांगं-झुकिनीचं ब्रिआम, भाताने भरलेले टोमॅटो. या तेलातल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात, आणि त्या व्हीगन लोकांसाठी म्हणून कोणी बनवत नाही, घराघरांत पिढ्यानपिढ्या तशाच होत आल्यात. आपल्याकडच्या माणसाला ही भाजी आणि पाव बघून हायसं वाटतं, माझ्या आईला तर वाटलंच.

याचं कारण तिथले उपवास. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास, नाताळच्या आधीचा, १ ते १४ ऑगस्टचा, शिवाय जवळपास दर बुधवार आणि शुक्रवार, या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. सगळे पाळतात असं नाही पण स्वयंपाक टिकून राहिलाय. म्हणून अथेन्समध्ये ‘व्हीगन’ हा शब्द एखाद्या म्हाताऱ्या वाढप्याला कळला नाही तर ‘नीस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचं, म्हणा, लगेच कळतं. पण दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. त्या उपवासाला कोळंबी, शिंपले, ऑक्टोपस चालतं आणि मधही चालतो, त्यामुळे उपवासाचं म्हणजे आपलं असं धरू नका. तारामोसालाता नावाची गुलाबी चटणी माशाच्या अंड्यांची असते, ती उपवासाच्या ताटात हमखास असते. आणि भाजीवर फेता भुरभुरून देतात, ऑर्डर देतानाच ‘होरिस फेता’, म्हणजे फेता नको, सांगा.

रात्री तिथे फावा घ्या, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वर कांदा, केपर्स आणि ऑलिव्ह तेल. हॉर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. शेवटी रव्याचा हलवा, तो तुपात नाही तर तेलात भाजतात, प्रमाण एकास दोन, तीन, चार: तेल, रवा, साखर, पाणी. बाकी बकलावासारख्या गोडात लोणी असू शकतं, विचारा.

रोममधलं रात्रीचं जेवण जरा सांभाळून करावं लागतं. रोमचे म्हणून जे चार पास्ते प्रसिद्ध आहेत, कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा आणि काचो ए पेपे, ते चारही बाद, चारही चीजचे आणि त्यातले तीन डुकराच्या मांसाचे. पण सुका पास्ता म्हणजे इटलीत कायद्यानेच ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, अंड्याचा असेल तर तसं लिहावं लागतं, म्हणजे पाया तुमच्या बाजूने आहे. लसूण-तेलाचा आलिओ ए ओलिओ मागा, तिखट टोमॅटोचा आर्राब्बियाता मागा, वर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीज नको. पिझ्झा मारिनारा मागा, टोमॅटो-लसूण-ओरेगानो, मुळातच बिनचीजचा, त्यामुळे तो मागताना कोणी वाकडं बघत नाही. घेट्टो या जुन्या ज्यू वस्तीच्या भागात तळलेलं अख्खं आर्टिचोक, कार्चोफो आल्ला जुदिया, कुरकुरीत, नुसतं तेल-मीठ, ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास ऐन हंगामात खावं. चिकोरिया म्हणजे लसणीवर परतलेली कडू पालेभाजी, तीही मस्त. मात्र पुन्तारेल्ले नावाची हिरवी कुरकुरीत सॅलड दिसली तर थांबा, तिच्यात अँचोवी मासा वाटून घालतात. आणि सोबतच्या शाकाहारी माणसाला सांगा की पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन्ही चीज वासरा-कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या रसाने, बनतात. दुधाचं चालणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

शेवटी जिलातो. फळांचे सोर्बेत्तो बहुतेक पाण्यातले असतात, डार्क चॉकलेटही पुष्कळ दुकानांत बिनदुधाचं, लेबल नसेल तर ‘सेन्झा लात्ते?’, म्हणजे बिनदुधाचं का, एवढं पुरतं.

पॅरिसच्या रात्रीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साध्या फ्रेंच ठिकाणी लोणी आणि क्रीम मुळातच असतं, ताटातलं काही बदलून मागितलेलं शेफला आवडत नाही, आणि किचन दुपारी अडीचनंतर संध्याकाळी सातपर्यंत बंद. भाज्यांचा कुसकुस सुरक्षित वाटतो पण त्याचा रस्सा पुष्कळदा मांसाबरोबरच शिजवलेला असतो. तिथे खरोखरच व्हीगन रेस्टॉरंट आधी बुक करून जायचं, चांगली आहेत, महाग आहेत. बर्लिनमध्ये बुक नाही केलं तरी प्रत्येक गल्लीत काहीतरी असतं, शिवाय तिथल्या विद्यापीठांच्या कँटीनमध्ये २०२१ पासून ६८ टक्के पदार्थ व्हीगन ठेवायचं ठरलं, त्यावरून वातावरण कळेल. तक्रार एवढीच की बर्लिनचं बरंचसं व्हीगन खाणं बर्गर, डोनर, बाऊल असं आहे, जे उद्या पुण्या-मुंबईतही मिळेल.

अपार्टमेंट घेऊन स्वतः शिजवणार असाल तर मात्र बर्लिनला तोड नाही. रेवे या साखळीने २०२४ मध्ये वॉर्शाउअर पुलाजवळ पूर्ण व्हीगन सुपरमार्केट उघडलं, लिडलने २०२३ मध्ये आपल्या व्हीगन मालाच्या किमती दुधा-मांसाच्या बरोबरीला आणल्या, आणि डीएम नावाच्या साबण-शाम्पूच्या दुकानातही टोफू, स्प्रेड, ओटचं पेय स्वस्तात मिळतं. पाकिटावर ‘दूध’ शोधत बसू नका, युरोपियन कोर्टाच्या २०१७ च्या निकालामुळे सोया-ओटच्या पेयाला दूध म्हणता येत नाही, ‘ड्रिंक’ असं लिहिलेलं असतं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली काही तेवढी चालू, म्हणून शनिवारीच भरून ठेवा.

चारही शहरांत कामाला येणारी गोष्ट म्हणजे ॲलर्जीचा नियम. डिसेंबर २०१४ पासून युरोपियन युनियनमध्ये १४ ॲलर्जीकारक पदार्थ पाकिटावर ठळक छापावे लागतात आणि हॉटेललाही सांगावे लागतात. त्यात दूध, अंडं, मासे, कोळंबी-शिंपले आहेत, म्हणजे भाषा येत नसली तरी ठळक अक्षरं बघून निम्मं काम होतं. पण मध आणि जिलेटिन त्या यादीत नाहीत, मांसही नाही, त्यामुळे नुसत्या ठळक अक्षरांवर विसंबू नका.

‘काहीच नाही मिळालं तर इंडियन आहेच’ असं म्हणून जाणाऱ्यांनो, तिथेच सगळ्यात जास्त दूध असतं. नानमध्ये दही किंवा दूध, डाळीवर क्रीम, भाजीत बटर, आणि ‘व्हेज’ म्हटलं की वाढणाऱ्याला वाटतं झालं. तंदुरी रोटी, साधा भात, छोले, आणि तूप-बटर नको हे दोनदा सांगा. घरून नेताना युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, तूप गेलं, पण भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातल्या दशम्या, हे सगळं व्यवस्थित जातं. ताजा कढीपत्ता नेऊ नका, अडवतील.

तर निवड. सोबत लहान मुलं असतील, नवीन ठिकाणी विचारपूस करायचा कंटाळा असेल, किंवा किचन असलेली जागा घेणार असाल तर बर्लिन. सोबतची मंडळी व्हीगन नसतील आणि एकाच टेबलावर सगळ्यांना आनंदाने जेवायचं असेल तर रोम. पॅरिस बघायला जा, तीन दिवस, सकाळी बॅगेट आणि दुपारी ला शापेल, पण जेवणासाठी म्हणून नाही. आणि मला एकच निवडायचं असेल तर अथेन्स, विशेषतः आई-बाबा सोबत असतील तर, कारण भाजी, डाळ, पाव, भात हे तिथे नेहमीचंच जेवण आहे आणि ते ताटात यायला कोणाला विनवावं लागत नाही. ऑर्थोडॉक्स ईस्टर एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीला येतो, तारीख आपल्या नेहमीच्या ईस्टरपेक्षा बहुतेक वेळा वेगळी असते, ती बघा आणि त्याच्या आधीच्या आठवड्यांत जमलं तर जा. रोमहून विमान दोनेक तासांचं आहे, दोन्ही शहरं एका सुट्टीत आरामात बसतात.