लाकडावर चालणारी बुखारी: नागपुरातील एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीनंतर बेसा भागातील आमच्या घरात लाकडावर चालणारी बिडाची बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी धुराड्याची बंद शेगडी, बसवून घेतली आणि महाशिवरात्रीपर्यंत ती नियमित वापरली. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरला की आईचे गुडघे आखडतात, म्हणून ही खरेदी केली होती. खोली लवकर तापते आणि ऊब उत्तम मिळते, याबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार धुराची आहे.

धूर धुराड्यातून बाहेर पडतो हे खरे. परंतु हिवाळ्यात रात्री वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसलेला असतो, त्यामुळे तो वर न जाता गल्लीतच साचतो. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कपड्यांना सकाळी धुराचा वास येत असे आणि त्यांच्या दमेकरी नातवासाठी त्यांना खिडक्या बंद ठेवाव्या लागत. मला हे सर्वांत जास्त लागले. घरातही लाकूड सारण्यासाठी बुखारीचे दार उघडले की धुराचा लोट खोलीत येई. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्याकडील २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. घरातल्या मापकावरचा आकडा त्या वेळी तिच्या कितीतरी वर जाई.

दुसरी अडचण लाकडाची. टालावर लाकूड वजनावर मिळते आणि वरून कोरडी दिसणारी बाभूळ फोडल्यावर आतून ओली निघते, म्हणजे आपण पाण्याचेही पैसे मोजतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या सरपणात २० टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही; आपल्याकडे टालावर ओलावा मोजण्याची पद्धतच नाही. ओले लाकूड धुमसते आणि त्याचा चिकटा नळीत साचतो. जानेवारीत नळी उतरवली तेव्हा आत डांबरासारखा काळा, चकचकीत थर होता आणि तो पत्र्याच्या पट्टीने खरवडावा लागला. हा थर पेट घेऊ शकतो, आणि धुराडे साफ करणारा माणूस आमच्या भागात मिळाला नाही.

नागपूरची कडाक्याची थंडी काही आठवड्यांचीच असते. तेवढ्यासाठी ही बुखारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आईच्या खोलीत आता तेल भरलेला, विजेवर चालणारा हीटर आहे. ज्यांच्याकडे बुखारी आधीच आहे, त्यांनी लाकूड फोडून निदान एक पूर्ण उन्हाळा वाळवावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी, निखारे धुमसत असताना झोपू नये आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म अवश्य लावावा, कारण त्या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो.