सोनचाफ्याचं कलम : झाड चोख, पण त्या पट्टीने जीव खाल्ला

कलमी सोनचाफा म्हणजे चाफ्याच्याच एका रोपावर (हा खुंट) फुलणाऱ्या सोनचाफ्याची फांदी बांधून, दोन्हींचा सांधा जुळवून केलेलं झाड. गेल्या वर्षी पाऊस लागायच्या तोंडावर म्हापशाच्या बाजूच्या एका नर्सरीतून साडेचारशे रुपयांना आणलं. त्याच रांगेत ‘मॅग्नोलिया’ अशी पाटी लावलेलं पांढऱ्या फुलाचं अमेरिकन झाड होतं, किंमत तिप्पट. अहो, सोनचाफाही मॅग्नोलियाच! झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये त्याला मिशेलिया नावाच्या वेगळ्या गटाच्या खात्यात टाकलं होतं, नंतरच्या शास्त्रज्ञांनी मॅग्नोलियात घेतलं. नुसत्या पाटीचे नऊशे रुपये मी काही दिले नाहीत. बियांचं रोप आणखी स्वस्त होतं, पण त्याला फूल धरायला आठ-दहा वर्षंही लागतात आणि तोवर ते कौलांच्या वर जातं. कलमाला नर्सरीतच कळ्या होत्या.

आमच्या अंगणात हातभर माती आणि खाली जांभा. खड्डा मारायची मजुरी ऐकली आणि अर्ध्या ड्रममध्ये लावायचं ठरलं. चाफ्याची मुळं मांसल, पाणी साचलं की कुजतात. आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, म्हणून तळाला भरपूर भोकं पाडून ड्रम चिऱ्यांवर उचलून ठेवला. लाल माती, रेती, शेणखत. पहिला पावसाळा निभावला.

आता पट्टी.

कलम बांधताना सांध्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. सांधा जुळला की ती काढायची असते. आमच्या झाडाची कोणी काढलीच नव्हती. चिखलाने माखून ती सालीच्याच रंगाची झाली होती, वरून कळायला मार्ग नाही. थंडीत पानं लहान यायला लागली, पिवळी पडून गळायला लागली. नर्सरीला फोन केला तर म्हणे, पाणी जास्त होतंय. पाणी कमी केलं. मग म्हणे, खत कमी पडतंय. निंबोळी पेंड आणली, तीही त्यांच्याचकडून, कारण जवळ दुसरीकडे नव्हती. फोटो पाठवले, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

शेवटी खोड धुऊन बघितलं. पट्टीच्या वर खोड सुजलेलं, खाली बारीक, बोटात रुतलेल्या अंगठीसारखं. पानांत तयार होणारं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं; साल आवळली की ते वरच अडकतं आणि मुळं उपाशी मरतात. सांध्याखालून मात्र दोन तरतरीत फुटवे आले होते. झाड सुधारतंय म्हणून घरात सगळे खूश! ते खुंटाचे फुटवे. खुंटही चाफ्याचाच, त्यामुळे पानावरून ओळखू येत नाही. फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून, एवढंच बघायचं. खालचा ठेवला तर तो सगळं खातो, वरचं कलम वाळतं, आणि आपण पैसे मोजून बियांचं झाड वाढवत बसतो.

ड्रमसकट न्यायला टेम्पो लागला असता, म्हणून मोबाइलवर फोटो दाखवायला गेले. मालक म्हणाले, “बाय, ती पट्टी आपोआप कुजता.” प्लास्टिक आपोआप कुजत असतं तर पणजीची गटारं पावसात तुंबली नसती. मग त्यांनी उदार होऊन नवं कलम निम्म्या किमतीत देऊ केलं. म्हणजे पट्टी विसरले ते, आणि सव्वादोनशे भरायचे मी! नको म्हटलं. घरी येऊन अर्धं ब्लेड घेतलं, सांध्याच्या उलट बाजूने उभी चीर दिली आणि चिमट्याने पट्टी तुकड्यातुकड्याने ओढून काढली. साल तिच्यावर चढली होती. खोडावर अजून गोल गोल खाचा आहेत. खालचे फुटवे बुडातून उडवले.

इथपर्यंतचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं ठळक लिहिलं होतं. ते खोडते. मे महिन्यात वळिवाचे दोन शिंतोडे पडले आणि पानांच्या बगलेत कळ्या दिसल्या. चवथीला देवापुढे घरची फुलं होती. बाजारात दहा रुपयांना दोन फुलं घेणारी मी, आता शेजारी पाठवते.

फूल ओढून तोडू नका, देठाशी नखाने खुडा, शेजारचा डोळा, म्हणजे नवा फुटवा निघायची जागा, दुखावत नाही. पाकळ्या किंचित सुटल्या की पहाटेच काढा. वाटीतल्या पाण्यात दिवसभर वास देतं, दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतं. झाडावर राहिलेली फुलं बी धरतात, फळं उकलून तांबडं बी दिसलं की बुलबुल येतात. छान दिसतं, पण झाडाची ताकद तिथे जाते, म्हणून मी धरू देत नाही.

हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या कोवळी पानं खातात. सीताफळावर येतात त्याच. हाताने उचलून तिकडेच सोडते, औषधाचा खर्च नाही. खत म्हणाल तर घरात मासळीचं पाणी रोजचं, पण चाफ्याची फुलं देवाला जातात म्हणून सासूबाईंची सक्त मनाई. ते माडाला. चाफ्याला शेणखत आणि ती महागडी पेंड, संपेपर्यंत.

झाडाला पाचपैकी साडेचार; अर्धा खाचांचा कापला. नर्सरीला एक, तोही कळ्या खऱ्या निघाल्या म्हणून. फोंड्याच्या नणंदेला आता कलम हवंय. तिला सांगितलंय, पैसे देण्याआधी सांधा ओल्या फडक्याने पुसायचा. पट्टी असली तर मालकाच्या हातून तिथेच काढून घ्यायची आणि मगच पाकीट उघडायचं.