कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्सचा २०१० चा अल्बम: तालासाठी ऐका

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात तबला शिकवतो. हल्ली शिकवणी संपली की हाच अल्बम लावतो. रिहॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या तिघा कृष्णवर्णीय कलाकारांनी २००५ मध्ये हा अमेरिकन लोकसंगीताचा बँड काढला. नॉर्थ कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या ऐंशी ओलांडलेल्या फिडलवादकासमोर (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) बसून, त्याच्याबरोबर वाजवत ते शिकले. अशी तालीम मिळालेली मंडळी कळतातच, लय कुठे ढळत नाही.

सगळ्यात आवडलं ते ‘जग’ (jug) हे वाद्य. मातीचा साधा बुधला तोंडाजवळ धरून ओठ थरथरवायचे. तो आवाज आत घुमतो आणि खर्जाची बाजू सांभाळतो. ओठ जरा आवळले की सूर चढतो. फ्लेमन्स बोटांत हाडाच्या पट्ट्या धरून वाजवतो, त्या तर थेट आपल्या चिपळ्यांसारख्या! त्यातले बारीक तुकडे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवले.

बँजो या तंतुवाद्याचं मूळ आफ्रिकन, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत पोचला. पुढे तो गोऱ्यांचंच वाद्य समजला जाऊ लागला. या तिघांनी ती परंपरा पुन्हा हक्काने हातात घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एका आधुनिक आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) शैलीतल्या गाण्याला दिलेला फिडलचा साज मात्र मला तितका रुचला नाही. अल्बमला ग्रॅमी मिळाला, तो रास्तच. फोनच्या स्पीकरवर जगचा खर्ज हरवतो, तेव्हा हेडफोन लावाच.